पेंग्विनची बदली

पेंग्विनला पेंग्विन हे नाव कशावरून पडलं, याबद्दल ऑफिसात दोन मतं होती. एका मताप्रमाणे त्याच्या टेबलावर लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचं पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं होतं, म्हणून. दुसऱ्या मताप्रमाणे तो चालताना पावलं बाहेर टाकायचा आणि पोट पुढे काढायचा, म्हणून. दोन्हींत तथ्य होतं, त्यामुळे नाव टिकलं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला याच नावानं हाक मारायचे आणि तोही ओ द्यायचा.

ऑफिस इमारतींच्या नकाशांचं. कोणाला भिंत पाडायची असो की वर मजला चढवायचा असो, आधी मूळ नकाशाची सहीशिक्क्याची नक्कल लागते. ती इथल्या सहा खिडक्यांवर मिळायची. प्रत्येक खिडकीवर एक लॅपटॉप, आणि त्या सहा लॅपटॉपांची सगळी जबाबदारी पेंग्विनवर. त्याची खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे स्टेशनरी ठेवायचे. दार आत उघडायचं आणि अर्ध्यातच टेबलाला थडकायचं, त्यामुळे आत शिरताना त्याला पोट आत ओढून तिरकं व्हावं लागायचं. डोक्यावरून दिवसभर माणसं जिना चढायची-उतरायची. नुसत्या पावलांवरून कोण चाललंय ते त्याला सांगता यायचं, आणि पावलं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली की तो खुर्चीतून अर्धा उठायचा. थांबली म्हणजे त्याच्याकडेच आली.

या खोलीत तो अकरा वर्षं होता आणि त्यात दोष त्याचाच. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यानं सहाही यंत्रांवर आपल्या हातानं लिनक्स बसवलं. जुनी, रडतखडत चालणारी यंत्रं पळायला लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतल्याबद्दल शाबासकी मिळालेला असा माणूस विरळा. कारण त्या दिवसापासून त्या सहा यंत्रांमधलं त्याच्याशिवाय कोणालाही काही कळेना, आणि शिकून घ्यावं असंही कोणाला वाटेना. पेंग्विन आहे की.

बायको दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात नर्स होती. तिची नोकरी कायमची, बदली न होणारी. बसनं सात तास. महिन्यातून दोनदा तो शनिवारी जायचा आणि रविवारी परत यायचा. दहा वर्षांची एक लेक होती. तिचं पहिलं पाऊल त्यानं फोनवर ऐकलं, म्हणजे बायको ओरडली ते ऐकलं. लेक त्याच्याशी छान बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तशी. मागच्या खेपेला त्यानं पाणी मागितलं तर तिनं ते पेल्यात घालून, पेल्याखाली बशी धरून आणलं. ती बशी त्याला फार लागली.

बदलीसाठी त्यानं दोनदा अर्ज केला होता. पहिल्यांदा सगळी यंत्रं झकास चालत होती. साहेब म्हणाले, "अरे, तुझ्यामुळे तर चाललंय सगळं. तुला सोडून आमचं कसं व्हायचं?" दुसऱ्यांदा नवे प्रिंटर आलेले आणि ते काही केल्या चालेनात. साहेब म्हणाले, "असं अर्धवट टाकून जातोस होय? आधी हे मार्गी लाव." त्यानं मार्गी लावलं, तोवर तिकडची जागा भरली गेली. साहेब दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. साहेब प्रेमळ होते, आणि प्रेमानं धरलेला हात सोडवून घ्यायला भलतं कठीण जातं.

आता तिसऱ्यांदा बायकोच्या गावच्या ऑफिसात जागा निघाली होती. पुढच्या महिनाअखेरपर्यंत माणूस हजर झाला नाही तर ती रद्दच होणार होती, पुन्हा निघण्याची आशा नाही. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे बघ, तो बोटाचा घोळ तेवढा निस्तर. सलग सहा दिवस एकही तक्रारचिठ्ठी आली नाही तर मी डोळे मिटून सही करतो."

बोटाचा घोळ असा. पूर्वी प्रत्येकाचा पासवर्ड असायचा आणि तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला असायचा. खिडकीपलीकडच्या माणसालाही तो वाचता यायचा. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे फक्त बोट. लॅपटॉप उघडायला बोट आणि प्रत्येक नकलेवर मोहोर उमटवायला बोट. नवे लॅपटॉप आले, पेंग्विननं त्यांवरही लिनक्स बसवलं. त्यांवर बोटाचे ठसे वाचणारा छोटा चौकोनी सेन्सर होता, आणि पहिल्या आठवड्यापासून तो सेन्सर रुसायला लागला. भर गर्दीत पडद्यावर ओळ यायची: सेन्सर तापला आहे, थंड होऊ द्या. की झालं. बोट घासा, बोट पुसा, दुसरं बोट लावा, तो ढिम्म. खिडकीपलीकडे रांग तापायची ती वेगळीच.

पेंग्विननं काय नाही केलं! लॅपटॉपांखाली उंचवटे लावले. आतले पंखे साफ केले. खिडक्यांवर छोटे पंखे आणून लावले, त्यानं अर्जांचे कागद उडाले आणि त्याच्या नावानं दोन चिठ्ठ्या जास्त आल्या. कर्मचाऱ्यांनी आपापले उपाय काढले. कोणी सेन्सरवर फुंकर घालायचं, कोणी ओला रुमाल ठेवायचं. लागू पडायचा एकच उपाय. जिन्याखाली बसून, ठशांचं काम बघणारा तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा. मग आपण तापलो होतो हे सेन्सर विसरून जायचा. पण त्यासाठी पेंग्विन खुर्चीत हवा. तो स्वच्छतागृहात गेला तरी तेवढ्यात वरून हाका सुरू व्हायच्या. डबा एका हातानं खायचा, दुसरा हात कीबोर्डवर. दोनदा चार दिवस निघाले, एकदा तर पाच, आणि दर वेळी कुठेतरी माशी शिंकलीच. मुदत संपायला वीस दिवस उरले.

बायकोला फोनवर हे सांगताना त्याचा आवाज चढला, "तापतो म्हणतो सारखा! काय डोंबल तापतो!"

"ताप किती आहे?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे?"

"अरे, ताप आहे म्हटलं की आम्ही आधी मोजतो. तू मोजलास का?"

अकरा वर्षांच्या अनुभवी माणसाला हे सुचलं नव्हतं. रविवारी येताना त्यानं तिच्याकडचा, कपाळासमोर धरून ताप मोजायचा थर्मामीटर आणला. सोमवारी तीन नंबरच्या खिडकीवर सेन्सर तापल्याची ओळ आली तसा तो धावला आणि थर्मामीटर सेन्सरसमोर धरला. एकतीस. मग शेजारच्या, व्यवस्थित चालणाऱ्या लॅपटॉपवर धरला. तिथेही एकतीस. तिसरीत शिकणाऱ्या पोरालाही कळावं की हा ताप नाही, सोंग आहे.

लिनक्सची एक गोष्ट चांगली. त्यातल्या प्रोग्रामच्या पोटात काय लिहिलंय ते कोणालाही वाचता येतं. मात्र वाचतं कोण! पेंग्विन वाचायला बसला. दोन दिवस तो ओळीन् ओळ वाचत होता, आणि बुधवारी दुपारी त्याला सापडलं ते बघून तो एकटाच मोठ्यानं हसला. त्या प्रोग्रामजवळ तापमापक नव्हताच. तो उष्णता मोजत नव्हता, वेळ मोजत होता. सेन्सर बोटाची वाट बघत सलग तीनेक मिनिटं चालू राहिला की हा धरूनच चालायचा की तो आता तापला असणार, आणि मग नऊएक मिनिटं त्याला सक्तीनं झोपवायचा. खरोखर तापलाय का, हे विचारायची त्याला गरजच वाटत नव्हती. हसता हसता पेंग्विनला एकदम राग आला. इतके पंखे, इतके उंचवटे, इतके रुमाल, आणि कोणाला ताप नव्हताच.

मग प्रश्न उरला की बोट लावायला एक क्षण लागतो, तर सेन्सर तीन मिनिटं वाट कोणाची बघतो? गुरुवारी तो खिडक्यांच्या मागे स्टूल टाकून बसला. सकाळचे अकरा वाजले. चहाची वेळ. एकेक जण उठला, आणि उठता उठता प्रत्येकानं आपलं जाडजूड रजिस्टर उचललं आणि उघड्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर ठेवून दिलं.

"हे काय?" त्यानं दोन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं.

या नक्कलबाई. तीस वर्षं नकला देत होत्या आणि साहेबांची नक्कलही हुबेहूब करायच्या, म्हणून हे नाव दुहेरी शोभायचं. सगळ्यात जास्त तक्रारचिठ्ठ्याही त्यांच्याच असायच्या.

"जागा धरलीय," त्या म्हणाल्या. "रजिस्टर नसलं की कोणीही येऊन बसतं. दोन नंबरला वारा लागतो ना, सगळ्यांचा डोळा इथेच. पूर्वी खुर्चीवर ठेवायचो, पण मग एकमेकांची रजिस्टरं उचलून खाली टाकायला लागले. लॅपटॉपवर ठेवलं की कोणी हात लावत नाही, तुझ्या भीतीनं."

"आणि झाकण? झाकण का नाही मिटत?"

"तूच सांगितलंस ना! कागद लावलायस भिंतीवर. झाकण मिटू नये."

भिंतीवर कागद होता खरा. जुन्या लॅपटॉपांच्या वेळचा, त्याच्याच सहीचा. पेंग्विननं कपाळाला हात लावला. रजिस्टरच्या ओझ्यानं कीबोर्डची बटणं दाबली जायची. कुलूप लागलेला पडदा दचकून जागा व्हायचा आणि बोट मागायचा. बोट येत नाही म्हणून थकून झोपायचा की रजिस्टर त्याला पुन्हा उठवायचं. चहा संपेपर्यंत हेच. बाई येऊन बोट लावायला जातात, तर पडदा म्हणतो, तापलोय. उपाय सोपा होता. उठताना झाकण मिटा आणि रजिस्टर त्या झाकणावर ठेवा.

तो धावतच साहेबांच्या खोलीकडे निघाला. पाच पायऱ्या चढला आणि थांबला. हे आता साहेबांना सांगितलं तर काय होईल, ते त्याला लख्ख दिसलं. साहेब खुर्चीतून उठतील, मिठी मारतील. म्हणतील, "बघा, आहे का असा माणूस दुसरा? प्रोग्रामच्या पोटात शिरून आला! याला सोडायचं म्हणता?" गुपचूप दुरुस्त केलं तरी कोणी केलं ते साहेब विचारणारच. आणि दुरुस्तच केलं नाही तर चिठ्ठ्या येतच राहणार, सहा दिवस भरायचे नाहीत. दुरुस्त झालं तरी अडकला, नाही झालं तरी अडकला. तो त्याच पायरीवर बसला. वर जाणाऱ्या लोकांना त्याला वळसा घालून जावं लागलं. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं.

चहा पिऊन परतणाऱ्या नक्कलबाईंनी त्याला तसं बसलेलं पाहिलं. "काय रे, पेंग्विन पायरीवर? बरं नाही का?"

त्यानं त्यांना सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "बाई, हे तुम्ही शोधून काढलंत."

"मी?"

"तुम्हीच साहेबांना सांगायचं. मला काही कळलं नव्हतं, मी पंखेच लावत बसलो होतो."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेतली थट्टा हळूहळू गेली. "मी तीस वर्षांत खोट्या नकलेवर मोहोर मारली नाही," त्या म्हणाल्या.

"यात खोटं काय? रजिस्टरचं तुम्हीच सांगितलंत."

"तुझं नाव जाईल की रे."

"जाऊ दे. मला जायचंय, बाई."

बाई शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग पुन्हा एकदा पहिल्यापासून. हळू सांग."

शुक्रवारपासून झाकणं मिटायला लागली. बाईंनी प्रत्येकाला दम देऊन ते करून घेतलं. भिंतीवरचा कागद फाडला आणि तिथे आपल्या अक्षरात दुसरा लावला. एक दिवस गेला, दोन गेले. पेंग्विन खोलीत नुसता बसून होता, करण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहावा दिवस संपला. एकही चिठ्ठी नाही. शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

बाईंनी तोंडपाठ केल्यासारखं सांगितलं. रजिस्टर, बटणं, तीन मिनिटं. साहेब आ वासून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पण बाई, एवढं तापतं कसं हो ते?"

हे पाठ केलेलं नव्हतं. बाईंनी ठोकून दिलं, "आतली तार लाल होत असणार, साहेब."

पेंग्विनच्या अंगाची लाही झाली. ज्या एका गोष्टीसाठी तो दोन दिवस डोळे फोडून वाचत बसला, तीच उलटी झाली होती. तापत नाही, मुळात तापतच नाही! शब्द ओठांपर्यंत आले. सगळ्यांच्या नजरा साहेबांकडे होत्या, नक्कलबाईंची तेवढी त्याच्याकडे होती. त्यानं जीभ दातांखाली धरली आणि बुटांकडे बघत उभा राहिला.

"लाल होणारच," साहेब मान डोलावून म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. एरवीचं प्रेम चेहऱ्यावरून गेलेलं होतं. "काय रे पेंग्विन? अकरा वर्षं तू इथे काय केलंस? जे खिडकीवरच्या बाईला कळलं ते तुला कळू नये? पंखे लावत बसला शहाणा!"

सगळे हसले. तोही हसला, कारण न हसता उभं राहणं जास्त अवघड होतं. नक्कलबाई मात्र हसल्या नाहीत. साहेबांनी सही केली. ती करताना त्यांचा हात जराही अडखळला नाही. मग गोपनीय अहवालात लिहिलं: तांत्रिक विषयात समज बेताची. स्वतंत्र जबाबदारी देऊ नये. ती ओळ त्यांनी त्याला वाचून दाखवली, कारण ते तसे सरळ मनाचे होते.

नव्या गावच्या ऑफिसात तो अहवाल त्याच्या आधी पोचला. तिथल्या साहेबांनी तो वाचून त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. गेलेल्या कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. पेंग्विन हे नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं. लोक "आवकवाले" म्हणायचे. शिक्के मारून मारून पहिल्या आठवड्यात मनगट दुखलं, पण साडेपाचला सुटून सहाला तो घरी असायचा, रोज.

तिसऱ्या आठवड्यात तिथल्या ऑपरेटर बाईंना बोटाच्या सेन्सरचा तसाच, लिनक्सवाला नवा लॅपटॉप मिळाला. चौथ्या दिवशी सकाळी त्या ओरडल्या, "अहो, हे काय म्हणतंय बघा, सेन्सर तापलाय म्हणे!"

आवकवाले खुर्चीतून अर्धे उठले. टेबलावरून त्यांना स्वच्छ दिसत होतं. बाई चहाला गेल्या होत्या तेव्हा पर्स कीबोर्डवर ठेवून गेल्या होत्या, आणि ती अजून तिथेच, कडेला अर्धी टेकलेली होती. दोन शब्द पुरले असते. खिडकीपलीकडे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून सकाळपासून उभे होते.

"का हो," साहेबांनी आपल्या जागेवरून विचारलं, "तुम्ही तिकडे कॉम्प्युटरकडेच होतात ना? तुम्हाला यातलं काही कळतं का?"

ऑपरेटर बाई आशेनं बघत होत्या. म्हातारे गृहस्थही बघत होते. त्याला जिन्यावरची पावलं ऐकू आल्यासारखी वाटली, शेवटच्या पायरीवर थांबणारी.

"नाही साहेब," तो म्हणाला. "होतो, पण मला जमलं नाही ते."

तो खाली बसला आणि पुढचा कागद ओढला. बाईंनी सेन्सरवर ओला रुमाल ठेवला. म्हातारे गृहस्थ बाकावर जाऊन बसले, आणि दुपारपर्यंत बसून राहिले. त्यानं तेवढ्या वेळात चाळीस शिक्के मारले, त्यातले चार उलटे पडले. एवढी लाज त्याला साहेबांच्या खोलीत सगळे हसले तेव्हाही वाटली नव्हती.

सहाला तो घरी पोचला. बायकोची दुपारची पाळी होती, ती यायची होती. लेक जमिनीवर वह्या पसरून बसली होती. त्यानं चपला काढल्या, तोवर तिनं एक वही उचलून त्याच्या हातात दिली आणि बोट ठेवून दाखवलं.

"बाबा, हे गणित मला येत नाहीये. तुला येतं?"

तो वहीकडे इतका वेळ बघत राहिला की तिनं पुन्हा विचारलं.

"येतं," तो म्हणाला.

"मग सांग ना," लेक म्हणाली आणि त्याला बसायला जागा करून देण्यासाठी वह्या बाजूला सारू लागली.